सर्व्हरज्योतिषी

पावसाचं सांगणारा, निवडणुकीचं सांगणारा आणि शेअर बाजाराचं सांगून वर शंभर रुपये उसने मागणारा, असे भविष्यवेत्ते आपल्याकडे गावोगाव पूर्वीपासून आहेत. गेल्या सात-आठ वर्षांत त्यांच्या पंगतीत एक नवा पाट मांडावा लागला आहे. त्यावर बसलेला तरुण मोबाइलवरच्या गेमचं भविष्य सांगतो. चालू गेम किती दिवसांचा सोबती आहे, त्याच्या गादीवर कोण बसणार आणि राज्याभिषेक कोणत्या महिन्यात, हे त्याला पत्रिका न बघता कळतं. त्याला आपण सर्व्हरज्योतिषी म्हणू.

हा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेच्या जिन्यात सापडतो, हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर सापडतो, आणि तालुक्याच्या गावी सलूनमध्ये नंबर आला तरी बाकावरून उठत नाही तोही हाच. वय सत्तावीस-अठ्ठावीस. ओळखायची खूण सोपी आहे. फोन हातात आला की तो आधी आडवा धरतो. आईचा कॉल असला तरी आधी आडवा, मग नाइलाजाने उभा. फोन कायम कोमट, बॅटरी एकवीस टक्के आणि चार्जर दुसऱ्याचा.

त्याचं आवडतं वाक्य म्हणजे, "डेड गेम आहे भावा." हे वाक्य तो त्याच गेमच्या लॉबीत, मॅच सुरू व्हायची वाट बघत उच्चारतो.

"मग खेळतोयस कशाला?"

"रॉयल पास घेतलाय ना. पैसे काय झाडाला लागतात?"

"आणि पास संपल्यावर?"

"तोपर्यंत नवीन येतोय. तू फक्त बघ." असं म्हणून तो डोळे बारीक करतो. एवढ्यात विमान बेटावर येतं आणि आपले सर्व्हरज्योतिषी त्या मृत गेममध्ये उडी टाकतात.

हा प्राणी घडला २०१८ साली. त्या मार्चमध्ये पबजी मोबाइल आला तेव्हा हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. जिओच्या कृपेने डेटा स्वस्त झालेला, हॉस्टेलच्या खोलीत चार मुलं, चार फोन आणि भिंतीला एकच प्लग. शंभर जण विमानातून बेटावर उतरतात, घराघरांत शिरून सामान वेचतात, आकसत जाणाऱ्या निळ्या वर्तुळात एकमेकांना गाठतात आणि शेवटी जो उरतो त्याला स्क्रीनवर चिकन डिनर मिळतं. श्रावणातसुद्धा. आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद असं ते एरँगल ह्याला वर्षभरात पाठ झालं. स्वतःच्या जिल्ह्यातले तालुके अजून धड सांगता येत नाहीत, पण पोचिंकीत कुठल्या घराची मागची खिडकी पळायला बरी, हे झोपेत विचारा.

त्या काळाच्या आठवणी तो फार जपून सांगतो. जानेवारी २०१९ मध्ये 'परीक्षा पे चर्चा'त एका आईने मुलाच्या ऑनलाइन गेमची तक्रार मांडली, तेव्हा पंतप्रधानांनीच 'हा पबजीवाला आहे का' असं विचारलं. आपल्या जमातीची दिल्लीने दखल घेतली, या आनंदात ह्याने मेसमध्ये दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पुढे मार्चमध्ये राजकोटला पोलिसांनी बंदीहुकूम मोडून खेळणाऱ्या पोरांना पकडलं. हे तो आजही "आमच्या लोकांना पकडलं होतं" असं सांगतो. त्या दिवशी आपण लोणेऱ्याच्या हॉस्टेलवर बिनधास्त झोपलो होतो, एवढा तपशील तेवढा गाळतो.

मग २ सप्टेंबर २०२० उजाडला. केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली आणि त्यात पबजी गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९-अ. आज एमपीएससीचा अभ्यास करताना ह्याला न अडखळता आठवणारं हे एकमेव कलम. ऑक्टोबरच्या अखेरीस भारतातले सर्व्हरही बंद झाले. खेळाडू म्हणून तो त्या वर्षी उद्ध्वस्त झाला, पण ज्योतिषी म्हणून त्याचा उदय तेव्हाच झाला. कारण बंदीला दोन दिवस होतात न होतात तोच अक्षय कुमारने 'फौजी' या देशी गेमची घोषणा केली.

"ऑक्टोबरमध्ये येतोय. पबजीचा बाप," असं पहिलं भाकीत ह्याने हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकलं. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली. फौजी आला तो २६ जानेवारी २०२१ ला. गलवानच्या खोऱ्यात शत्रूशी हातघाईची लढाई, ठोसे आणि दांडकी. जखमी झालं की शेकोटीपाशी बसायचं, तब्येत सुधारते. शंभर जणांचं बेट नाही, विमान नाही, बंदूक तर नाहीच. ह्याने थंडीतला अर्धा तास त्या शेकोटीजवळ काढला आणि मान वर करून म्हणाला, "ही फक्त झलक आहे. खरा गेम पुढच्या अपडेटला."

ज्योतिषाचं पहिलं सूत्र त्याला त्या शेकोटीच्या उजेडात सापडलं: भाकीत चुकत नसतं, ते अपडेट होत असतं. व्हीपीएन लावून कोरियन आवृत्ती खेळत त्याने मधला काळ ढकलला. मध्यरात्री हरल्यावर कोरियन मुलं कोणत्या शिव्या देतात, हे त्याला उच्चारासह येऊ लागलं.

२ जुलै २०२१ ला जुनाच गेम नाव बदलून परत आला. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. रक्त लाल ऐवजी हिरवं, शत्रू 'किल' होण्याऐवजी 'फिनिश' होणार, अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास. ह्याने पहिल्या रात्री पहाटे चारपर्यंत खेळून निकाल दिला, "मजा गेली. वर्षभरही टिकत नाही हा." आणि नवल असं की वर्षभराने, २८ जुलै २०२२ ला, तो गेम खरोखरच सगळ्या स्टोअरवरून गायब झाला. आयुष्यात पहिल्यांदा भाकीत तारखेच्या जवळपास खरं ठरलं. मित्रांनी अभिनंदनाचे फोन केले. ज्योतिषीबुवा दोन दिवस जेवले नाहीत.

मे २०२३ मध्ये गेम पुन्हा आला, सरकारने तीन महिन्यांच्या चाचणीवर सोडलेला. "तीन महिन्यांनी कायमचा जातोय," हे भाकीत तयारच होतं. ते तीन महिने अजून चालू आहेत.

मधल्या काळात वारस कमी आले का? नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यू स्टेट आला. २०५१ सालातलं युद्ध, चकचकीत गाड्या, ड्रोन. "म्हातारा गेला," ह्याने जाहीर केलं. तो गेम ह्याच्या फोनमध्ये पंधरा दिवस राहिला आणि पुतण्याच्या वाढदिवसाचा व्हिडिओ काढायला जागा हवी म्हणून उडाला. मे २०२२ मध्ये एपेक्स लेजंड्स मोबाइल आला. त्याला अ‍ॅपलने त्या वर्षीचा आयफोनवरचा सर्वोत्तम गेम ठरवलं. "आता बोला," हा म्हणाला. १ मे २०२३ ला, महाराष्ट्र दिनी, त्याचे सर्व्हर बंद. मार्च २०२४ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीचा वॉरझोन मोबाइल आला. ह्याच्या फोनवर तो चालला खरा, पण त्या फोनवर पापडही भाजता आले असते. मे २०२५ मध्ये तोही स्टोअरवरून उतरवला गेला. ज्या ज्या बाळाला ह्याने वारस म्हणून पाळण्यात घातलं, त्याच्या तेराव्याला म्हातारा स्वतः जेवायला हजर होता.

पण सगळ्यांत कळवळून तो सांगतो ते फ्री फायर इंडियाचं. मूळ फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली होती. ५ सप्टेंबर २०२३ ला त्याचा भारतीय अवतार येणार, खुद्द धोनी त्याचा चेहरा. ह्याने ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवून रजा टाकली. अवतार आदल्या दिवशी पुढे ढकलला गेला. "धोनी असून फिनिशिंग झालं नाही," हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकवलं आहे, की धोनीलाही एव्हाना उचकी लागून गेली असेल.

जीटीएच्या सहाव्या भागाबद्दलही त्याची स्वतंत्र गादी आहे. पाचवा भाग २०१३ मध्ये आला तेव्हा हा अकरावीत होता. सहाव्याचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये दिसला आणि गेम २०२५ मध्ये येणार असं ठरलं. मग २६ मे २०२६ ठरलं, मग १९ नोव्हेंबर २०२६. प्रत्येक नवी तारीख तो आपणच पुढे ढकलली अशा समाधानाने सांगतो. तो गेम आला की प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्सवर चालणार आणि ह्याच्या घरी दोन्हींपैकी एकही नाही, हा मुद्दा काढलात तर तो तुम्हाला नकारात्मक माणूस म्हणेल.

ह्याची बातमी येते कुठून? तर "आतून". ह्या आतमध्ये कोण असतं ते कधी स्पष्ट होत नाही. कधी मावसबहिणीच्या नणंदेचा मुलगा असतो, तो "गेमच्याच कंपनीत" असतो. पुढे कळतं की तो त्या कंपनीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर, बँकेत असतो. कधी एक धूसर स्क्रीनशॉट असतो. त्यात एक डोंगर, एक झाड आणि डाव्या कोपऱ्यात अंगठा. "हा नवीन मॅप," हा कुजबुजतो. कोणी विचारलंच की हा फोटो जुन्नरकडचा वाटतो, तर उत्तर तयार असतं, "ग्राफिक्स बघ ना मग किती रिअल!"

आणि भाषा फार सावध. "सर्व्हर साइडला हालचाल आहे." "दिवाळीच्या आसपास काहीतरी." कोणती दिवाळी, हे जाणकार विचारत नाहीत.

घरी ह्याच्या व्यवसायाला मान नाही. "तुझा गेम येईल तेव्हा येईल, घरात माणूस कधी येणार ते सांग," असं आई रोज ताट वाढताना विचारते. वडील एसटीतून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी चहाबरोबर जाहीर करतात, "एसटी संपली. आता काही राम राहिला नाही." आणि नऊच्या एसटीने अर्ध्या तिकिटात तालुक्याला जाऊन येतात. त्यांचाही एक येऊ घातलेला वारस आहे: गावाला येणारी रेल्वे.

"सर्व्हे झालाय," वडील म्हणतात.

"माझं पण प्री-रजिस्ट्रेशन झालंय," मुलगा म्हणतो.

"अरे, खुणेचे दगड पुरलेत मी बघितलेत."

"आमचा ट्रेलर आलाय, बाबा."

दोघं एकमेकांकडे दयेने बघतात. आई दोघांसमोरचे कप उचलते. रेल्वे आधी येणार की गेम, यावर तिचं काही मत नाही. दोन्ही आले तरी भांडी तिलाच घासायची आहेत.

ह्या साऱ्या वाटचालीत त्याला खराखुरा अभिमानाचा प्रसंग लाभला तो इंडसचा. सुपरगेमिंग ही कंपनी पुण्याची. "आपल्या पुण्याची," असं तो सोलापुरात राहत असतानाही म्हणायचा. २०२२ मध्ये घोषणा झाली तेव्हापासून ह्याने इंडसचा प्रचार घरचं कार्य असल्यासारखा केला. आपल्या संस्कृतीतून उभं केलेलं भविष्य, विरलोक नावाचं आकाशात तरंगणारं बेट, आणि तिथे कॉस्मियम नावाचं असं द्रव्य, की शेवटच्या टप्प्यात ते ताब्यात घेतलं तरी जिंकता येतं. शेवटचा माणूस शिल्लक राहायलाच हवं असं नाही. "बघ, पुणेरी डोकं," हा म्हणायचा, "मारामारी न करता जिंकायची सोय." ह्याने स्वतः प्री-रजिस्टर केलं, आईच्या फोनवरून केलं, वडिलांच्या फोनवरून केलं. एक कोटीच्या वर नोंदणी झाली त्यात ह्या घराचा वाटा तीन.

ऑक्टोबर २०२४ मध्ये इंडस खरंच आला. ह्याने फोनमधले चुलतबहिणीच्या लग्नाचे फोटो उडवून जागा केली. त्या रात्री त्याने तो मन लावून खेळला. दुसऱ्या दिवशी विचारलं, कसा आहे? हा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चांगलाय. खरंच चांगलाय." आवाजात काही जोर नव्हता. आठवड्याने तो पुन्हा पोचिंकीत खिडकीतून उडी मारताना दिसला. इंडसबद्दल विचारलं तर म्हणाला, "आता त्यात पण ते पहिल्यासारखं नाही राहिलं."

एका आठवड्यात 'पहिल्यासारखं' कुठून आलं, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचं उत्तर हवं असेल तर एखाद्या रात्री त्याच्या शेजारी बसून बघावं.

जुना गेम बिघडला, याची त्याच्याकडे यादी आहे. गॉडझिला आला, लॅम्बोर्गिनी आली, रणवीर सिंग आला, पण गेम गेला. पूर्वी साधी कढई मिळाली तरी माणूस मागे लटकवून ऐटीत फिरायचा, आता बंदुकीलाही सोन्याचे अंगरखे. अर्धे खेळाडू बॉट आहेत आणि उरलेले चीटर. ही यादी चालू असतानाच मागच्या गच्चीवरून कोणीतरी ह्याला एका गोळीत आडवा करतं. माइकवर एक कोवळा आवाज येतो, "सॉरी हं, काका." आवाज फुटायला अजून दोन वर्षं आहेत अशा वयाचा.

"चीटर!" हा ओरडतो. मुलगा चीटर नसतो, सातवीत असतो. २०१८ मध्ये ह्याची बोटं जशी चालायची तशी आता त्या मुलाची चालतात. येऊ घातलेल्या गेममध्ये असलं काही होत नाही. तिथे अजून कोणी काका म्हटलेलं नसतं. सगळे एकाच विमानात, सगळ्यांची पाटी कोरी, आणि हा विमानाच्या दाराशी सगळ्यांत पुढे.

आडवा झाल्यावर साथीदाराने येऊन उठवायचं, अशी ह्या गेमची रीत आहे. चौघांचा स्क्वाड असतो. ह्याच्या मदतीला कोणी धावत नाही, कारण सोबतचे तिघे कुठल्या कुठल्या गावचे अनोळखी, आपापलं सामान वेचत पुढे गेलेले असतात. जुन्या स्क्वाडमधला एक म्युनिकला आहे. एक सांगलीत तलाठी झाला. तिसऱ्याला जुळं झालं आणि आता त्याला रात्री जागायला गेमची गरज उरली नाही. मित्रांच्या यादीत ती तीन नावं अजून आहेत, करड्या रंगात.

त्या तिघांपैकी एकानेही गेम मेल्याचं जाहीर केलं नव्हतं. ते ग्राफिक्सवर बोलले नाहीत, चीटरवर बोलले नाहीत, निरोपाचा मेसेजही टाकला नाही. एका रात्री आले नाहीत, दुसऱ्या रात्री आले नाहीत, संपलं. एखादा गेम खरोखर ओसरतो तो असा. 'मेला, मेला' म्हणून ओरडणारा माणूस घरातच असतो. ज्यांनी घर सोडलं ते किल्लीसुद्धा न मागता निघून गेलेले असतात.

ह्यामुळे त्याच्या भाकितांकडे थोडं वेगळं बघावं लागतं. दर नव्या गेमची बातमी आली की ग्रुपवर पहिला मेसेज ह्याचा असतो: "येतोय रे. चौघं आयडी काढून ठेवा." म्युनिकवरून एक अंगठा येतो. सांगलीहून काही येत नाही. जुळ्यांचा बाप पहाटे साडेतीनला "हो हो नक्की" असं लिहितो आणि त्यावर ह्याचा दिवस चांगला जातो. नव्या गेममध्ये बेट तरंगतं असो की बुडलेलं, बंदुका सोन्याच्या असोत की लाकडाच्या, ह्याला त्यात चार जणांची जागा आहे एवढं पुरतं. तारीख पुढे गेली की तिघांचं उत्तरही पुढे जातं, म्हणून तारीख पुढे गेलेली त्याला मनातून चालते. अडचण होते ती गेम खरंच आल्यावर.

तेव्हा गेम बनवणाऱ्या कंपन्यांनी ह्याच्या शिव्या मनाला लावून घेऊ नयेत. दर अपडेटला 'डेड गेम' म्हणणारा हा माणूस त्यांच्या खातेवहीतली सर्वांत सुरक्षित ठेव आहे. तो पास घेतो, तक्रार करतो, पुढचा पासही घेतो. धास्ती घ्यायची ती तो एखाद्या दिवशी शांतपणे "बरा चाललाय गेम" म्हणाला तर.

तूर्त तशी लक्षणं नाहीत. गेल्याच आठवड्यात त्याने अठरा हप्त्यांवर नवा फोन घेतला. स्क्रीन मोठी, गरम न होणारा, एकशेवीस एफपीएस. येणाऱ्या गेमला हा फोन लागणारच, असं त्याने आईला समजावलं. तो गेम कधी येणार, हे वडिलांनी विचारलं नाही. त्यांनी हप्ता किती ते विचारलं. सीलबंद खोक्यातून फोन काढून, आडवा धरून, हा म्हणाला, "तोपर्यंत जुन्यावर टेस्ट करून घेतो."